हिवाळी अंगरख्यातला कागद

१

खोजांनी अंगरखा आगीत टाकायला उचलला आणि त्याच्या डाव्या बाहीतून एक पिवळा कागद फरशीवर पडला.

दहाव्या महिन्याची पहिली तारीख होती. या दिवशी गेलेल्या माणसांना हिवाळ्याचे कपडे जाळून पोचते करायचे असतात. गोरगरीब कागदाचे कपडे कापून जाळतात, राजवाड्यात खरी फर जळते. आठ महिन्यांपूर्वी, वयाच्या बाविसाव्या वर्षी तापानं गेलेल्या सम्राटाचा कोल्ह्याच्या कातड्याचा अंगरखा आज त्याच्याकडे जायचा होता. त्याची आई, राजमाता चिंगयी, हातात छोटी शेगडी धरून पायरीवर उभी होती. थंडी तिला मुळीच सोसत नसे, आणि ते कबूल करणंही तिला सोसत नसे.

कागद उचलला तिच्या धाकट्या दिरानं, राजपुत्र चोंगपिंगनं. अक्षर अक्षर लावत, ओठ हलवत त्यानं तो वाचला. वाचता वाचता त्याचा चेहरा असा खुलला, की राजमातेला मजकूर न बघताच कळला.

"वहिनीसाहेब, महाराजांच्या हातचा हुकूम आहे! लाल शाई, शिक्का, सगळं आहे. आणि आहे तो तुमच्याविषयी."

"मग इकडे द्या. माझ्याविषयीचं मीच वाचते."

तारीख पहिल्या महिन्यातली होती, सम्राट जाण्याच्या महिनाभर आधीची. 'आईचे उपकार खोल नितळ पाण्यासारखे आहेत, त्यांचा तळ लागत नाही,' असं लिहिलं होतं. 'पण पडद्याआडून राज्य चालवण्याला सतरा वर्षं झाली. माझ्या मागे तिनं कारभारात हात घालू नये. पूर्वेकडच्या राजसमाध्यांजवळच्या मठात जाऊन राहावं. कारभार काकांनी पाहावा.'

तिनं वरपासून खालपर्यंत एका दमात वाचलं. कुठेही अडखळली नाही.

"दुपारच्या नगाऱ्याला हे दरबारात वाचायला हवं," चोंगपिंग म्हणाला. "गेलेल्या सम्राटाचा हुकूम आहे, दडपता येत नाही. मी आपली गाडी जोडून ठेवायला सांगतो. खेचरं चांगली आहेत, धक्के बसणार नाहीत."

"खेचरांना चारा घाल म्हणावं. आणि नगाऱ्यापर्यंत राज्य माझं आहे ना? मग तोवर वाड्याबाहेर कुणी पाय टाकायचा नाही. तुम्हीसुद्धा."

हा कागद त्या बाहीत नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मुलगा गेला त्या दिवशी अंगरख्याची घडी तिनंच घातली होती. दोन्ही बाह्या झटकल्या होत्या. उजव्या बाहीतून एक अक्रोड पडला होता, विचार करताना तो मुठीत फिरवायची त्याला सवय होती. मग पेटीला लाख लावली ती थेट काल संध्याकाळी फोडली, तीही तिघांसाठी. जवळच्यांनी कागदाच्या भेटी अंगरख्यात ठेवायची रीत आहे. दीर, सून आणि मुलाचे गुरू, एकेक करून आत गेले. नंतर कुलूप लागलं आणि किल्ली रात्रभर तिच्या कमरेला होती.

म्हणजे तिघांपैकी एक. पण जिला हाकलायचंय तिच्याच शब्दावर हुकूम खोटा कोण ठरवणार? नगाऱ्याला अडीच तास होते.

२

राजमाता पडद्यामागे बसली. पिवळ्या विरविरीत कापडाचा हा पडदा सिंहासनाच्या पाठीशी सतरा वर्षं टांगलेला होता. पुढे सम्राट बसायचा आणि मागून ती बोलायची. सरदारांची तोंडं तिला धुरकट दिसत, पण आवाज स्वच्छ ऐकू येत, आणि माणूस आवाजात लपत नाही असं तिचं मत होतं.

"बसा, भाऊजी."

"उभाच बरा. गाडीचं बघायचंय." चोंगपिंगचा आवाज मजेत होता. रोज तो गुडघे टेकत असे, आज विसरला. "वाईट वाटून घेऊ नका. दक्षिणेतले तीन सुभे हातचे गेले. समुद्रकाठी परक्यांच्या बोटी नांगर टाकून उभ्या आहेत. सतरा वर्षं पडद्याआड बसून हेच कमावलंत ना?"

"तीन गेले, पंधरा आहेत. तुम्ही आजवर काय सांभाळलंत? सहा ससाणे. त्यातले दोन मेले."

"ते आजारी होते!"

"राज्यही आजारीच आहे, भाऊजी. काल बाहीत काय ठेवलंत?"

"कागदाचा ससाणाच ठेवला. पोराला आवडायचे." त्याचा आवाज जरा खाली आला. "माझ्यावर संशय घेताय? माझं अक्षर बघितलंयत ना? वसंतात माझ्या तनख्यातला सहा महिन्यांचा तांदूळ कुणी कापला?"

राजमातेला हसू आलं. नव्या बालसम्राटाचं नाव झान. खोल, नितळ पाणी, असा त्या एकाच अक्षराचा अर्थ. तो गादीवर बसला त्या दिवसापासून ते अक्षर कुणी पुरतं लिहायचं नाही, शेवटची रेघ सोडून द्यायची. सम्राटाचं अख्खं नाव दुसऱ्याच्या कुंचल्यात यायचं नसतं. नाव बोलायचंही नाही, 'पाण्याचं अक्षर' म्हणायचं. चोंगपिंगनं वसंतातल्या अर्जात ते तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा अख्खं.

"पन्नास वर्षं ते अक्षर पुरतं लिहिलं मी," तो कुरकुरला. "हात ऐकत नाही. चार वर्षांच्या पोरापायी माझा भात गेला."

"आणि आज सगळं राज्यच ताटात पडलं."

"पडलं खरं! मलाही खरं वाटेना."

हे तो खरं बोलला. सकाळी ओठ हलवत वाचणारा माणूस तो मजकूर पहिल्यांदाच वाचत होता. चोंगपिंगला हा कागद हवा होता, पण तो घडवण्याइतकी चिकाटी त्याच्याकडे कधीच नव्हती. दारात थांबून तो म्हणाला, "सूनबाईंना विचारा की. रोज दहा दहा पानं लिहितात. आणि तुमच्यावर त्यांचा किती जीव आहे, ते स्वयंपाक्यांनासुद्धा माहीत आहे."

३

शूहुआ वीस वर्षांची होती. पांढऱ्या सुती कपड्यांत ती आली आणि मान न झुकवता पडद्यासमोर बसली.

"मी नाही लिहिलं ते," तिनंच सुरुवात केली.

"मी अजून विचारलं कुठं?"

"विचारणारच. सासूबाई, मी हुकूम लिहिला असता तर तुम्हाला मठात पाठवलं नसतं. तिथं बाग आहे म्हणतात. मी तुम्हाला इथंच ठेवलं असतं. एका खोलीत, खिडकी उत्तरेला. मला ठेवलंयत तसं."

राजमातेची जुनी दासी रुईझू कोपऱ्यात उभी होती, तिनं तोंडाला बाही लावली. राजमातेनं मात्र शेगडी या हातातून त्या हातात घेतली. "जीभ चांगली आहे तुझी. इतके दिवस कुठं ठेवली होतीस?"

"ऐकायला कोण होतं? ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुम्ही ते पोर आणलंत. निदान माझ्या मांडीवर द्यायचं होतं, यांचं नाव चाललं असतं. तुम्ही स्वतःचा मुलगा म्हणून दत्तक घेतलंत. पडदा पुन्हा तुमचाच."

"हो, माझाच. तुझ्या मांडीवर दिलं असतं तर भाऊजींनी तुला महिन्याभरात गुंडाळलं असतं. काल बाहीत काय ठेवलंस?"

"सूत्राचं एक पान. रोज लिहिते त्यातलं." तिनं बाहीतून एक पुडकं काढून पडद्याखालून सरकवलं. "ही यांची पत्रं, लग्नाच्या पहिल्या वर्षीची. वर माझं कालचं पान आहे. अक्षर मिळवून बघा आणि मला जाऊ द्या."

राजमातेनं वरचं पत्र उघडलं. मुलाचं वळण ओळखीचं होतं, तिरकं आणि घाईचं. 'आज तळं खोल नितळ आहे, तू बघायला हवं होतंस.' इथं तिची नजर अडखळली. काहीतरी खुपलं. डोळे चोळून तिनं पुन्हा वाचलं आणि पुन्हा तिथंच ठेच लागली. मग सुनेचं पान घेतलं. 'मन खोल नितळ पाण्यासारखं असावं.' नजर परत अडली, त्याच अक्षरावर.

आठ महिने तिच्यासमोर आलेल्या प्रत्येक कागदावर ते अक्षर एका रेघेनं कमी होतं. डोळ्यांना आता तेच बरोबर वाटायला लागलं होतं, आणि अख्खं अक्षर डोळ्यांत खडा गेल्यासारखं टोचत होतं.

"हे पान कालचं?"

"कालचं."

"यातलं एक अक्षर तू पुरतं लिहिलंयस. त्याला फटके आहेत, माहीत आहे?"

"मुद्दाम लिहिलंय. रोज लिहिते. मी त्या पोराला सम्राट मानत नाही." शूहुआचा आवाज जराही कापला नाही. "मोजून मारा."

राजमातेला ही मुलगी आज पहिल्यांदाच मनापासून आवडली. आठ महिने वाया घालवले, असंही तिला वाटलं. "ते पान घरी जाऊन जाळ," ती म्हणाली. "आणि दुसरं लिही."

मग तिनं सकाळचा पिवळा कागद मांडीवर पसरला. 'आईचे उपकार खोल नितळ पाण्यासारखे आहेत.' नजर सरळ पुढे गेली. कुठेही ठेच लागली नाही. तिनं त्या अक्षरावर बोट ठेवलं आणि रेघा मोजल्या.

"रुईझू, फान गुरुजींना बोलाव. आणि हा पडदा वर कर."

"वर, आईसाहेब?" रुईझूला वाटलं आपण चुकून ऐकलं. सतरा वर्षांत पुरुषमाणसासमोर तो पडदा कधी वर गेला नव्हता.

४

फान गुरुजी सत्तरीचे होते. सम्राटाच्या पाचव्या वर्षी त्याच्या हातात पहिला कुंचला त्यांनी दिला होता. राजमातेचा उघडा चेहरा समोर बघून त्यांना कुठं बघावं कळेना, ते तिच्या जोड्यांकडे बघत राहिले.

"गुरुजी, हे अक्षर कुणाचं?"

"महाराजांचं. वळण मीच लावलं होतं, मी ओळखणार नाही तर कोण?"

"पहिली ओळ बघा. पाण्याचं अक्षर. रेघा मोजा."

गुरुजींनी कागद हातात घेतला. त्यांचं बोट हळूहळू सरकलं. बारा रेघांचं अक्षर. बोट अकरावर थांबलं आणि उचललंच नाही.

"कागदावरची तारीख पहिल्या महिन्याची," राजमाता म्हणाली. "तेव्हा ते पोर आईच्या मांडीवर बसून बोटं चोखत होतं. ते सम्राट होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही. माझा मुलगा गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्याला निवडलं. मग माझ्या मुलानं महिनाभर आधी ती रेघ का सोडली असेल?"

गुरुजींनी कागद हलकेच खाली ठेवला.

"म्हणजे हा कागद गेल्या आठ महिन्यांत कधीतरी लिहिला गेला. तिघंच पेटीपाशी गेले. भाऊजींना ती रेघ सोडायची आठवणच राहत नाही, त्यापायी त्यांचा तांदूळ गेला. दुसरं माणूस ती रेघ हट्टानं लिहितं, त्याचं नाव मी घेत नाही. उरले तुम्ही. कारकुनांच्या बोटांवर आठ महिने पट्टी कोण मारत होतं? रेघ सोडा, रेघ सोडा!"

"चाळीस वर्षांत माझ्या हातून चूक झाली नाही," गुरुजी पुटपुटले.

"आजही झाली नाही. हात नियमानं चालला. तोच नियम नडला."

तेव्हा म्हातारा ताठ झाला. जोड्यांवरची नजर उचलून त्यानं सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. "मी खोटारडा नाही, आईसाहेब. ती नक्कल आहे."

त्यांनी छातीशी धरलेली रेशमी पिशवी उघडली आणि चुरगळलेला कागद काढला. त्याच्या अर्ध्या भागावर तपकिरी डाग होता.

"महाराजांना ताप होता. हात थरथरत होता. लिहिता लिहिता औषधाचा पेला कलंडला. कागद आणि छोटा शिक्का माझ्या हातात दिला आणि म्हणाले, गुरुजी, दरबारात वाचा. हा वाचला असता तर कुणी विश्वास ठेवला असता? अक्षर बघा! खरा कागद खोटा दिसत होता, म्हणून मी खरा दिसेल असा केला. एक शब्द बदलला नाही."

"आठ महिने का थांबलात?"

"तुमची भीती वाटत होती."

"आता वाटत नाही?"

"वाटते. पण सत्तरी झाली, आईसाहेब. भिण्याचाही कंटाळा येतो."

राजमातेनं कागद घेतला. ओळी उतरणीला लागल्या होत्या, अक्षरं एकमेकांवर चढली होती. पाण्याचं अक्षर वाकडंतिकडं होतं आणि बाराच्या बारा रेघांचं होतं. मजकूर तोच. उपकार, सतरा वर्षं, मठ, काका. पोटच्या पोरानं तिला खरंच घालवायचं ठरवलं होतं. हुकूम खोटा निघावा म्हणून ती सकाळपासून झटली, आणि तो निघाला तेव्हा खाली हा सापडला. तिला फार लागलं.

डागाच्या खाली, अगदी काठाला, आणखी एक ओळ होती. ती नकलेत नव्हती.

'आईला थंडी सोसत नाही. तिथं कोळसा कमी पडू देऊ नका.'

पाच वर्षांचा असताना तो सिंहासनावर बसून कंटाळायचा. सरदार बोलत असले, की हात हळूच मागे घालायचा आणि पडद्याच्या फटीतून तिचं बोट धरायचा. बोट गार लागलं की दोन्ही तळव्यांत घेऊन चोळायचा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पडदा तर वर होता. गुरुजींनी ते पाहिलं. तिनं पुसलं नाही.

"ही ओळ का गाळलीत?"

"हुकुमात शोभत नव्हती." गुरुजी गोंधळले. "सम्राट कोळशाविषयी लिहीत नाहीत, आईसाहेब."

"एक शब्द बदलला नाही म्हणालात."

"बदलला नाही. फक्त..."

"फक्त तेवढंच एक माझं होतं, ते काढून टाकलंत."

बाहेर नगारखान्यात माणसं चढल्याचा आवाज आला. गुरुजींनी गुडघे टेकले. "आता तरी हा वाचा, आईसाहेब. तुमच्या मुलाची शेवटची इच्छा आहे."

राजमातेनं कागदाची घडी घातली. "सकाळी एक कागद निघाला, तो खोटा. दुपारी तो खोटा कागद करणाऱ्याच्याच पिशवीतून दुसरा निघाला, आणि शिक्काही त्याच्याचपाशी. तुम्ही दरबारात असता तर विश्वास ठेवला असता, गुरुजी?"

म्हाताऱ्यानं बराच वेळ विचार केला. तो प्रामाणिक माणूस होता. "नाही," तो म्हणाला.

"मग झालं तर."

५

नगारा वाजला तेव्हा दरबार गच्च भरला होता. पुढे सिंहासनावर चार वर्षांचा सम्राट उशांच्या आधारानं पेंगत होता. पडदा वर होता. सरदारांनी घाईघाईनं माना खाली घातल्या, तरी डोळे तिरके करून बघणारे बघतच होते.

"बघा नीट," राजमाता म्हणाली. "जिला घालवायचंय तिचं तोंड तरी माहीत असावं. भाऊजी, वाचा तुमचा हुकूम. पाण्याचं अक्षर आलं की थांबा आणि रेघा मोजा."

चोंगपिंगनं ऐटीत सुरुवात केली. अक्षर आलं. तो बोटानं मोजू लागला. एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. दरबारातल्या मोठमोठ्या पंडितांच्या आधी त्याच्या लक्षात आलं, कारण त्याच्या पोटाला चिमटा त्याच रेघेनं बसला होता.

"अरे, शेवटची रेघ नाही! याच रेघेपायी माझा तांदूळ..." तो ओरडला. मग त्यानं तारीख पाहिली, पेंगणाऱ्या पोराकडे पाहिलं, आणि आपण भर दरबारात काय बोलून बसलो हे त्याला उमगलं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग पुष्कळ हसले.

"तांदूळ परत सुरू करा यांचा," राजमाता म्हणाली. "आज राज्याच्या उपयोगी पडले."

गुरुजींनी सगळं कबूल केलं. नक्कल म्हणाले नाहीत, खरा कागद म्हणाले नाहीत. शिक्का पुढे ठेवून मान खाली घातली. न्यायमंत्री पुढे झाला. अशा गुन्ह्याला मान उडवतात, तो म्हणाला, फक्त तारीख हवी.

"मान राहू द्या. माझ्या मुलाचं लिहिणंवाचणं त्या डोक्यातून आलंय. यांना पूर्वेकडच्या मठात पाठवा. त्याच्या समाधीजवळ राहतील, रोज त्याला दिवा लावतील. हिवाळा तिथं वाईट असतो, कोळसा पुरेसा द्या." मग तिनं आवाज चढवला. "आणि बाकीच्यांनी ऐका. तीन सुभे गेले ते माझ्या वेळी गेले, हे मी नाकारत नाही. ज्याला वाटतं मी नसताना पंधरा राहतील, त्यानं आत्ता पुढं यावं. बाहीतून कागद टाकू नये. मी पडदा वर करून बसले आहे."

कुणी पुढं आलं नाही. शूहुआ बायकांच्या दालनातून जाळीआडून बघत होती. राजमातेनं तिकडं पाहिलं, आणि सुनेनं आज पहिल्यांदा स्वतःहून मान झुकवली, थोडीशीच.

दरबार उठला. रुईझू आत आली. दालन मोठं होतं आणि माणसं गेल्यावर पार गारठलं होतं.

"आईसाहेब, दारात गाडी जोडलेली आहे. खेचरं सोडायला सांगू?"

"नको. गुरुजींना लागतील."

राजमातेनं डावा हात उजव्या बाहीत घातला. कागद जागेवर होता. त्याच्या शेजारी तो अक्रोड होता, आठ महिने तिनं तोही कुणाला दाखवला नव्हता.

"रुईझू, मोठी शेगडी आण. कोळसा भरपूर घाल. हिवाळाभर इथं कोळसा कमी पडता कामा नये. महाराजांचा हुकूम आहे."

रुईझूनं सिंहासनाकडे पाहिलं. महाराज तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.

"यांनी कधी दिला, आईसाहेब?"

"पहिल्या महिन्यात," राजमाता म्हणाली, आणि तिनं पडदा सोडायला सांगितलं.